सहा नवख्यांना पुरून उरणारा एक: लार्प संयोजकांना खुले पत्र

प्रति,
संयोजक मंडळ,
खानदेश

सप्रेम नमस्कार.

येत्या मोसमासाठी आपण जाहीर केलेला गुणांचा नवा तक्ता वाचला. काटकपणावरची, म्हणजे गुण देऊन घ्यायच्या जादा जिवांवरची, मर्यादा उठवली. पायरीपायरीने वाढणारी किंमत काढून सरसकट 2 गुण केली. वर्गणीपेक्षा जास्त पैसे भरणाऱ्याला जादा गुण देऊ केले. आणि मे महिन्यात एक नवा खेळ लावून त्याला दुप्पट गुण ठेवले. यातला एकही निर्णय खेळाडूंना विचारून झालेला नाही. बैठकीत विषय काढला तेव्हा ‘बघू’ एवढेच उत्तर मिळाले, म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहावे लागत आहे.

लिहिणाऱ्यांत पंच आहेत, गनिमांच्या पथकात, म्हणजे शत्रूंची पात्रे घेऊन, राबणारे आहेत आणि ज्यांच्या पत्रकावर सत्तरच्या वर गुण साठलेत असे जुने खेळाडूही आहेत. नव्या तक्त्याचा सगळ्यात मोठा फायदा या जुन्यांनाच होणार आहे. तरी तेच आधी ‘नको’ म्हणताहेत, याची नोंद घ्यावी.

हा खेळ ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. लार्प म्हणजे ठरवलेल्या जगातले एक पात्र अंगावर घेऊन मैदानात प्रत्यक्ष चालत, बोलत, लढत खेळायचा खेळ. तलवारी फोमच्या असतात, डोक्यावर आणि मानेवर वार करायचा नाही. आपल्या खेळाचे जग फारुकी अमदानीच्या अखेरच्या वर्षांतले, म्हणजे 1601 साली असीरगड अकबराच्या हाती जाण्याआधीचे खानदेश आहे. प्रत्येक पात्राला सुरुवातीला 3 जीव. वार लागला की एक जीव गेला, तिन्ही गेले की आडवे पडून वैदूची वाट बघायची. सुरुवातीचे गुण शस्त्र हाताळणे आणि पेशा यांतच संपतात. पुढे दर खेळाला 2 गुण मिळतात. मोसमात 6 खेळ, म्हणजे वर्षाचे 12.

आता नव्या तक्त्याचा हिशोब मांडून बघू.

तीन मोसम न चुकता आलेल्या खेळाडूकडे 36 गुण असतात. त्याने 8 गुणांना दुहेरी वार घेतला, म्हणजे त्याचा एक घाव दोन जिवांचा. उरलेले 28 गुण काटकपणात घातले. सरसकट 2 गुणांना एक या भावाने 14 जीव आले. मूळचे 3 आणि चिलखताचे 2 धरून एकूण 19. समोर 3 जिवांचे नवखे. दर ठोक्याला प्रत्येकाचा एक वार बसतो असे धरा. खरे तर जुन्याचा हात जास्त बसतो, पण ती सूट नवख्यांना देऊ. तीन नवखे अंगावर आले तर पहिल्या दोन ठोक्यांत त्यांचे 6 वार बसतात आणि एक पडतो, पुढच्या दोनात 4 आणि दुसरा पडतो, मग 2 आणि तिसरा पडतो. एकूण 12 वार. जुना खेळाडू 7 जीव शिल्लक ठेवून उभा. चौघे आले तर सातव्या ठोक्याला तो पडतो, तेव्हा चौघांतला एकच उभा असतो आणि त्याचाही एकच जीव उरलेला असतो.

हे तीन वर्षांचे झाले. सहा वर्षांच्या पत्रकावर 72 गुण होतात. तोच हिशोब लावला तर 37 जीव. इथे मैदानाची एक गोष्ट आड येते, जी तक्ता करताना कोणी धरलेली दिसत नाही: एका माणसाभोवती एका वेळी चारपेक्षा जास्त तलवारी नीट चालत नाहीत. पाचवा घुसला तर आपल्याच माणसाच्या पाठीत वार बसतो. म्हणून सहा नवखे आले तरी चौघेच लढतात, दोघे मागे खोळंबतात. पडेल त्याच्या जागी पुढचा आला तरी त्यांचे एकूण वार होतात 36. सहाही आडवे, आणि हा एक जीव राखून उभा! या तक्त्यात तिहेरी वारही विकत मिळतो. तो घेतला की नवखा पहिल्याच घावात गेला.

जुन्या तक्त्यात काय होते? पहिला जादा जीव 1 गुणाला, दुसरा 2 ला, तिसरा 3 ला, असे चढत पाचवा 5 ला आणि तिथे कुलूप. म्हणजे 15 गुणांत 5 जीव, पुढे कितीही वर्षे खेळा. चिलखतासह जास्तीत जास्त 10. दोन नवख्यांना तो माणूस सहज आवरायचा, तिघांनी नीट घेरले तर पडायचा. तीन वर्षांच्या अनुभवाला एवढे वजन पुष्कळ झाले. नवख्यांना एकजूट करायला कारण मिळत होते आणि जुन्याला पाठ सांभाळायला सोबती लागत होता.

आमची पहिली तक्रार या कुलपाबद्दल आहे आणि बाकीच्या बऱ्याचशा तिच्यातूनच फुटतात.

गनिमांच्या पथकाचेच बघा. पथकात 10-12 जण. 37 जिवांच्या माणसाला घाम फुटेल असा गनीम उभा केला, तर शेजारी उभे असलेले नवखे पहिल्या झटक्यात जातात. नवख्यांना झेपेल असा उभा केला, तर जुना एकटाच सगळे उरकून पाणी प्यायला जातो. मधला मार्ग म्हणजे गनिमाला सांगणे, ‘त्याच्यावर जोरात जा, पोरांना सोड.’ पथकाला हेच करावे लागेल. हा लपून दिलेला हात नवख्यांना कळणार नाही असे वाटत असेल तर गैरसमज आहे. दोन खेळ झाले की पोरगं विचारतं, “माले आठे काय काम शे?” (माझे इथे काय काम?) आणि तिसऱ्या खेळाला येत नाही.

दुसरी अडचण मोजणीची. धावपळीत, ओरडण्यात, धुळीत माणूस सात-आठ वार डोक्यात मोजू शकतो. सदतीस नाही मोजू शकत. मग ‘मार खाऊन पडत नाही’ असा आरोप सुरू होतो, पंचाला मध्ये पडावे लागते आणि दहापैकी नऊ वेळा कोणी खोटे बोलत नसते, आकडाच हातातून सुटलेला असतो. त्यात वार लागूनही समोरचा ढिम्म दिसला की मारणारा नकळत जोर वाढवतो. फोमच्या आत फायबरची काठी आहे हे विसरू नका. उन्हात तापलेल्या गाडीच्या डिकीत ठेवलेल्या तलवारीचा गोंद सुटतो, फोम टोकापासून सरकतो आणि काठी वर येते. जोर वाढलेल्या लढाईत अशी एक तलवार पुरे आहे. खेळाआधी टोक दाबून बघणे, पाते वाकवून टेपखाली फट पडते का हे बघणे ही तपासणी आम्ही करतोच, पण तीन तासांच्या हाणामारीनंतर तपासायला कोणी थांबत नाही.

तिसरी गोष्ट, नुसते जीव मोजून ताकद कळत नाही. वैदूचा लेप, चिलखताची डागडुजी, ‘हा वार लागलाच नाही’ म्हणायची मुभा, ताईत: हे सगळे एकावर एक चढते. 10 जिवांच्या माणसामागे वैदू उभा राहिला आणि लढाईत चार वेळा 3-3 जीव भरून दिले, तर तो 22 जिवांचाच झाला. कुलूप परत लावताना हे भोक उघडे ठेवले तर सगळे गुण वैदकीत जातील आणि वर्षभरात आपण पुन्हा याच जागी येऊ. म्हणून एका लढाईत एका अंगावर एकच लेप, मग तो कोणीही लावो. ‘लागलाच नाही’ ही मुभा दिवसातून दोनदा. ताईत एका पात्राकडे जास्तीत जास्त दोन, प्रत्येकाच्या कार्डावर अनुक्रमांक आणि मुदत, तीन खेळांनंतर बाद. सध्या किती ताईत बाहेर आहेत याची वही मंडळाकडे नाही. ती नसेल तर ताकदीचा कुठलाही तक्ता कागदावरच राहणार.

पैशांबद्दल स्पष्ट बोलतो. मैदानाचे भाडे, मंडप, जेवण, पाण्याचे जार यांचा खर्च वाढला आहे हे आम्हाला मान्य आहे. वर्गणी वाढवा, हिशोब दाखवा, लोक देतील. ज्याला जास्त द्यायचे त्याच्या नावाचा झेंडा लावा, त्याच्या पात्राला बऱ्हाणपूरची रेशमी पगडी द्या, जेवणाच्या रांगेत पुढे घ्या हवे तर. जीव विकू नका. सावद्याच्या केळीच्या बागेत रोजाने जाणारा मुलगा आणि जळगावात दुकान असलेल्याचा मुलगा हे दोघे मैदानात उतरताना सारखे असतात, या खेळाची निम्मी गंमत तिथे आहे. भांडी घासणारा, मंडप उतरवणारा, दिवसभर गनीम होऊन मरणारा यांना सेवेचे गुण जरूर द्या, पण त्यालाही मोसमाला 4 ची मर्यादा ठेवा आणि ते गुण काटकपणात घालता येणार नाहीत असे लिहा.

हजेरीवर गुण ही पद्धत ऐकायला न्याय्य वाटते. खानदेशात ती तशी राहत नाही. आपला मोसम ऑक्टोबरला सुरू होतो आणि नेमका तेव्हाच कापूस वेचणीला येतो. शेतकरी घरातला खेळाडू पहिले दोन-तीन खेळ हुकवतोच. त्याचे 4 ते 6 गुण दरवर्षी मागे पडतात, आणि कुलूप नसलेल्या तक्त्यात हे अंतर कधीच भरून निघत नाही. आमची सूचना: ज्याचे एकूण गुण मैदानावरच्या मधल्या आकड्यापेक्षा कमी आहेत त्याला दर खेळाला 2 ऐवजी 3 गुण मिळावेत, त्या आकड्याला पोचेपर्यंतच. मधला आकडा काढणे सोपे आहे. सगळी पत्रके गुणांच्या चढत्या क्रमाने लावायची आणि मधले उचलायचे. सरासरी काढू नका. चार-पाच जुन्या पत्रकांनी ती फुगते.

मे महिन्याच्या खेळाबद्दल आमचे मत सगळ्यात कडक आहे. जळगाव-भुसावळकडे मेमध्ये पारा 44-45 अंशांवर जातो हे आपल्याला सांगायला नको. त्या उन्हात फोमचे चिलखत, वर अंगरखा, डोक्याला मुंडासे. शहाणा माणूस अशा दिवशी घरी राहतो. दुप्पट गुण ठेवले की तोच माणूस येतो आणि उलटी व्हायला लागली तरी बाहेर पडत नाही, कारण खेळ पुरा केला तरच गुण. ताकद वाढवायची आशा माणसाला काय काय करायला लावते याचा हिशोब नियम करणाऱ्याने आधी करायचा असतो. खेळ ठेवायचाच असेल तर संध्याकाळी पाचनंतर ठेवा, लढाई कमी आणि दरबार जास्त असा ठेवा, आणि गुण नेहमीचेच ठेवा.

आणखी एक बाब, जिच्यावर बैठकीत हसून वेळ मारून नेली गेली. नव्या तक्त्यात ‘भिल्ल’ पात्र घेतले की तिरंदाजी फुकट, जंगलात लपणे निम्म्या गुणात, आणि ‘लिहिणे-वाचणे’ दुप्पट किमतीला. 2011 च्या जनगणनेत नंदुरबार जिल्ह्याची जवळपास 70 टक्के लोकसंख्या आदिवासी आहे. भिल्ल, पावरा हे आपले शेजारी आहेत, वर्गमित्र आहेत, आपल्या मैदानावरचे खेळाडू आहेत. जिवंत माणसांच्या जमातीला ताकदीचा गठ्ठा करून विकणे चुकीचे आहे, आणि खेळ म्हणूनही वाईट आहे: धनुष्य हवे म्हणून अर्धे मैदान काजळ फासून भिल्ल होईल. तिरंदाजी हे कौशल्य आहे. ते कुठल्याही पात्राला त्याच किमतीत मिळू द्या. (धनुष्याचा ताण 30 पौंडांच्या आत आणि बाणाला रुंद फोमचे टोक, हा नियम मात्र हलवू नका.)

‘ताकद वाढली नाही तर जुने लोक राहतील कशाला?’ असा आपला सवाल असतो. पातळी आणि अनुभवगुण ही कल्पना आली टेबलावरच्या खेळातून. 1974 साली अमेरिकेत निघालेल्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ने ती रूढ केली. तिथे चार-सहा मित्र एका टेबलाभोवती बसून साधारण बरोबरीने वाढतात आणि खेळ चालवणारा प्रत्येक संकट त्यांच्या मापाचे बेतू शकतो. 1982 मध्ये इंग्लंडच्या चेशायरमधल्या पेकफर्टन किल्ल्यात ‘ट्रेझर ट्रॅप’ सुरू झाला आणि त्या धर्तीचा खेळ प्रत्यक्ष तलवारी घेऊन उभा राहिला. पण मैदानावर चाळीस जण असतात, कोणी सहा वर्षांचा, कोणी आज पहिल्यांदा आलेला, आणि संकट सगळ्यांना एकच. टेबलाचे माप मैदानाला बसत नाही. अमेरिकेतच 1977 पासून चालत आलेल्या ‘डॅगोरहिर’ या फोमच्या शस्त्रांच्या खेळातल्या लढायांत हाताला वार लागला की हात गेला, धडाला लागला की माणूस गेला. जुना असो की नवा, अंग सगळ्यांचे सारखेच. उत्तर युरोपातल्या कित्येक खेळांत तर गुणच नसतात. लोक तरी येतात.

आम्ही गुण काढून टाका म्हणत नाही. वाढ हवी, ती आडवी हवी: जीव वाढू नयेत, कामे आणि ओळखी वाढाव्यात. असीरगड तटावर शिड्या लावून पडला नाही. वेढा लांबला, आतली माणसे फुटली, मग दरवाजे उघडले. ज्या काळात आपण खेळतो त्या काळाची खरी ताकद रुक्क्यात, मोहरेत, ओळखीत आणि उधारीत होती. मग गुणांना हे विकत मिळू द्या: सुरतेहून नवापूर-नंदुरबारमार्गे बऱ्हाणपूरला जाणाऱ्या काफिल्यात वाटा (4 गुण, दर खेळाला ठरावीक नाणी), किल्लेदाराच्या कचेरीतला खबऱ्या (5 गुण, खेळाच्या सुरुवातीला एक बंद पाकीट), खोटी मोहर ओळखणे (3 गुण), पंचायतीत बोलायचा हक्क (6 गुण). यातले काहीही घेतलेला जुना खेळाडू मैदानात तितकाच मरणाधीन राहतो, पण नवखे त्याच्याकडे कामासाठी येतात.

यातही गोम आहे, ती आधीच सांगतो. पाकिटे लिहायला माणूस लागतो. चाळीस जणांना चाळीस वेगळी पाकिटे हा वेडेपणा होईल. पंधरा बातम्या लिहा, काही दोघा-तिघांना सारख्या द्या, दोन खोट्या ठेवा. दुसरे, आडव्या वाढीलाही काठ लागतो. सहा वर्षांत एकच पात्र वैदू, लोहार, कारकून, खबऱ्या आणि सावकार झाले तर त्याला कोणाची गरजच उरत नाही, आणि ज्याला कोणाची गरज नाही तो बाकीच्यांचा खेळ बिघडवतो. एका पात्राला तीनच पेशे. चौथा हवा तर एक सोडावा लागेल, सोडलेल्याचे निम्मे गुण परत.

मरणाचेही तेच. सध्या पात्र मेले तरी सगळे गुण नव्या पात्राला जातात, म्हणून कोणी मरणाला भीत नाही. आणि ते पूर्ण बुडवले तर जुने खेळाडू लढाईच टाळतील. पात्र मेले किंवा स्वखुशीने निवृत्त झाले तर निम्मे गुण पुढे, जास्तीत जास्त 12, हा मधला मार्ग आम्हाला पटतो.

राहिले ‘उत्तम अभिनया’चे गुण. ते कोणाला, कोणी, का दिले हे खेळ संपल्यावर फलकावर लावा. एवढे केले तरी कुजबूज निम्मी थांबेल.

तेव्हा आमच्या मागण्या अशा. नवा तक्ता मोसमाचा पहिला खेळ लागण्याआधी मागे घ्यावा. काटकपणाची चढती किंमत आणि 5 जादा जिवांचे कुलूप परत यावे, तिहेरी वार रद्द व्हावा. लेप, मुभा आणि ताईत यांच्या वर लिहिलेल्या मर्यादा त्याच दिवसापासून लागू व्हाव्यात. पैशांच्या बदल्यात गुण आणि मे महिन्याचे दुप्पट गुण पूर्ण बंद व्हावेत. ज्यांनी आगाऊ पैसे भरलेत त्यांना ते परत मिळावेत. जमातीवर आधारलेली सूट आणि दंड दोन्ही काढावेत. आणि यापुढे तक्ता बदलायचा तर मसुदा महिनाभर आधी सगळ्यांपुढे ठेवावा, त्यावर दोन पंच आणि एका मोसमापेक्षा जुने नसलेले दोन खेळाडू यांचे लेखी मत घ्यावे.

जुनी पत्रके नव्या नियमात बसवायचे काम आम्ही करायला तयार आहोत. प्रत्येकाचे सगळे गुण एकदाच मोकळे करायचे, काटकपणात 15 च्या वर जाऊ द्यायचे नाही, बाकीचे आडव्या कौशल्यांत खर्चायला दोन खेळांची मुदत द्यायची. सगळ्यांची पत्रके दोन रविवारांत होतील. जिथे मंडळ सांगेल तिथे बसू. फक्त आजवरच्या हजेरीची वही लागेल.

उत्तर येईपर्यंत आमच्यापैकी जे पंच आहेत ते नव्या तक्त्यावरच्या लढायांना उभे राहणार नाहीत. शस्त्रतपासणी, पाणी आणि प्रथमोपचार ही कामे नेहमीप्रमाणे चालू राहतील.

आपले,
जळगाव, धुळे व नंदुरबार येथील काही पंच व खेळाडू